पहिली फेरी वाघमारेकाकांची

वाघमारेकाका कुठल्याही बंद वस्तूला आधी टिचकी मारत. कलिंगड, बिस्किटांचा डबा, बँकेच्या काउंटरवरची काच, दवाखान्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर, काहीही. टिचकी मारायची, मान डावीकडे कलती करायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "बरं आहे" किंवा "बरं नाही". तिसरा निकाल त्यांच्याकडे नव्हता. मी त्यांच्या घरी खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझ्या सुटकेसलाही टिचकी मारली आणि म्हणाले, "आत कुकर आहे." होता.

हे दोन हजार चारच्या सुमाराचं. मला इंग्लंडात ब्रिस्टलला विमानांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायची नोकरी लागली होती. काकांचं घर चढावरच्या रस्त्यावर, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत. काकू जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी सुजाता रीडिंग गावात डॉक्टर, त्यामुळे वरचा मजला रिकामा. खाली हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि तिच्या शेजारी एक पितळी प्रेशर गेज, वाफेचा दाब दाखवणारं. दोन्ही रोज सकाळी एकाच फडक्याने पुसली जात.

"काय करतेस तू?" त्यांनी विचारलं.

"टेस्टिंग."

"म्हणजे माझ्याच धंद्यातली. सही कोण करतं?"

"सही मॅनेजर करतात, काका."

"टेस्ट तू करायची आणि सही त्यानं? बरं नाही."

काका बॉयलर इन्स्पेक्टर होते. पंचविशीत इंग्लंडला आले, काही वर्षं बॉयलर बांधण्याच्या कारखान्यात काढली आणि मग एका इन्शुरन्स कंपनीसाठी आयुष्यभर बॉयलर तपासले. रिटायर झाल्यावर माणसं बागेत गुलाब लावतात. काकांनी हौशी लोकांची जुनी वाफेची यंत्रं तपासायचं काम घेतलं, आणि त्यातही त्यांचा जीव होता वाफेवर चालणाऱ्या मोटारींवर. अशा मोटारी असतात हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. मी तसं बोलून दाखवल्यावर त्यांनी माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिलं. "पेट्रोल म्हणजे कालचं पोर आहे गं," म्हणाले. स्वतः मात्र त्यांना सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. मी सेकंडहँड गाडी घेतल्या दिवसापासून त्यांची ड्रायव्हर झाले, भाड्यात सूट न मिळता.

दुसऱ्या दिवशी माझा कुकर गायब झाला. काकांनी तो बागेतल्या शेडमध्ये नेला होता. आठ दिवस मी पातेल्यात भात शिजवला आणि आठही दिवस तो खाली लागला. नवव्या दिवशी कुकर परत आला: नवा सेफ्टी व्हॉल्व्ह, नवी रबरी रिंग आणि एक कागद. कागदावर कुकरचं माप, तपासणीचा दिवस आणि खाली देवनागरीत संपूर्ण सही. दामोदर तुकाराम वाघमारे. मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. "लाव भात," म्हणाले आणि कुकरपासून हातभर अंतरावर खुर्ची मांडून, त्याच्याकडे पाठ करून बसले. तीन शिट्ट्या होईपर्यंत हलले नाहीत.

"हे काय, काका?"

"आपण सही केली की पहिली फेरी आपली. बॉयलर तपासायचा, सही करायची आणि पहिल्यांदा वाफ धरली की त्याला पाठ लावून बसायचं. सहीखाली आपली पाठ नसेल तर कागद कशालाही हो म्हणतो."

त्यांची ही चाल सगळ्या पंचक्रोशीतल्या इंजिनवाल्यांना ठाऊक होती. आणि ती देवनागरी सहीसुद्धा. कुठल्याशा ऑफिसने एकदा सर्टिफिकेट परत पाठवलं होतं, कृपया इंग्रजीत सही करावी म्हणून. काकांनी उलट टपाली कळवलं, हे माझं नाव आहे, आधीच्या कागदांवरच्या नावांशी ताडून पाहावं. सही करायला त्यांना चांगला मिनिटभर लागे. पेनाचं टोपण लावून झाल्याशिवाय कागद दुसऱ्याच्या हातात जात नसे.

आता गॉर्डनबद्दल. गॉर्डन हा काकांचा, त्याच्या तोंडी 'डॅमो'चा, तीस वर्षांपासूनचा मित्र. समरसेटमधल्या एका खेड्यात राहायचा, शाळेत धातुकाम शिकवून रिटायर झालेला. उंच, लालबुंद, कोणाचं न ऐकणारा. म्हणजे दोघे एकाच मापाचे. त्याच्या कोठारात एक वाफेची गाडी होती. घोड्याच्या बग्गीचा घोडा सोडावा आणि मागे आपला पाणी तापवायचा बंब बसवावा, तशी दिसणारी. पुढे एक बाक, त्यावर बसून गाडी वळवायला एक लांब दांडा, बाकाच्या पाठीला उभा बॉयलर आणि त्याच्या मागे कोळसा टाकणाऱ्याला उभं राहायला फळी. मोटारीचा शोध लागला असं आपण शाळेत शिकतो, त्याच्याही आधीची ही मोटार. त्या गावच्याच एका बिअरवाल्याने हौसेने बांधून घेतलेली. त्या काळी कायदाच असा होता की अशा गाडीपुढे एक माणूस पायी चालला पाहिजे, हातात लाल निशाण घेऊन.

गॉर्डनने ती कोंबड्यांच्या खुराड्याखालून काढली आणि बावीस वर्षं खपून उभी केली. चाकं, साखळी, पिस्टन, सगळं. आणि बॉयलर मूळचा. सगळी मख्खी तिथे होती. इतक्या जुन्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, आणि त्यांतल्या बहुतेकांचे बॉयलर नवे घातलेले. आपल्याच मूळच्या बॉयलरवर ही चालली तर तिच्यासारखी दुसरी सापडणं कठीण. सप्टेंबरात गावच्या जत्रेत ती हिरवळीवर चालवायची, जुन्या गाड्यांच्या जाणकारांसमोर, असं ठरलं होतं. गॉर्डन अठ्ठ्याहत्तरचा, हृदय अधू. पुढच्या सप्टेंबरचा भरवसा त्याला नव्हता.

जुलैत काका तपासणीला गेले. मी अर्थात गाडीची चालक. आदल्या दिवशी बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरून पंपाने दाब दिला होता, कुठे थेंब आला नव्हता. गॉर्डन खुशीत होता. काकांनी आपली छोटी हातोडी काढली. अशा बॉयलरच्या आत विस्तवाचा डबा असतो, त्याच्याभोवती पाणी आणि बाहेर पत्रा. डबा आणि पत्रा एकमेकांना धरून राहावेत म्हणून मधे बोटाएवढ्या जाड आडव्या सळ्या. त्यांना स्टे म्हणतात. काका एकेका स्टेच्या डोक्यावर हातोडी मारत गेले. टण्ण. टण्ण. टण्ण. डाव्या बाजूला, तिसऱ्या ओळीत ते थांबले. पुन्हा मारली. सात वेळा मारली.

"बरं नाही," ते मराठीतच म्हणाले. गॉर्डनला तेवढं मराठी येत होतं.

मी तेव्हा जवळ नव्हते. स्वयंपाकघरात गॉर्डनच्या बायकोबरोबर, जोनबरोबर चहा पीत होते, आणि तिथे मी तो गाढवपणा केला होता. काकांची तब्येत कशी, असं तिने विचारल्यावर मी हसत हसत सांगून टाकलं की त्यांना हल्ली दारावरची बेल ऐकू येत नाही, टीव्ही सगळ्या गल्लीला ऐकू जातो. आपल्याला गंमत सांगायची खोड असते. गॉर्डन त्याच वेळी कपडा न्यायला आत आला होता.

मी कोठारात पोचले तेव्हा भांडण पेटलं होतं. काकांचं म्हणणं, हा स्टे आतून तुटलाय. त्याच्या डोक्यात काडेपेटीच्या काडीएवढं भोक पाडू. दाब दिल्यावर तुटीतून शिरलेलं पाणी भोकातून आलं तर तुटलेला, नाही आलं तर मी सही करतो. गॉर्डनचं म्हणणं, सव्वाशे-दीडशे वर्षं ज्या बॉयलरला कोणी भोक पाडलं नाही त्याला मी पाडू देणार नाही. मग मूळचा म्हणून त्यात राहिलं काय?

"हा वाजत नाही, गॉर्डन."

"वाजतोय! तुला ऐकू येत नाही, डॅमो! तुला दारावरची घंटा ऐकू येत नाही, आणि तू मला लोखंड ऐकून सांगतोस?"

काकांनी गॉर्डनकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातोडी पुसली, कापडात गुंडाळली आणि गाडीत जाऊन बसले. दाराशी उतरताना म्हणाले, "मला सांगायचं होतंस आधी. त्याला कशाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर त्याहून वाईट म्हणजे, मलाही वाटत होतं की काका चुकतायत. सुजाताचा दर रविवारी मला फोन असे. "तू तरी बाबाला प्लीज सांग ना, हिअरिंग टेस्ट करून घे. माझं ऐकतच नाही तो." मी एकदा धीर करून काकांना विचारलंही होतं. उत्तर मिळालं होतं की टीव्हीवाले हल्ली पुटपुटतात.

गॉर्डनने दुसरा इन्स्पेक्टर आणला. डॅरेन नावाचा, चाळिशीचा, सभ्य माणूस. त्याच्याकडे पत्र्याची जाडी मोजणारं यंत्र होतं. जाडी सगळीकडे उत्तम भरली. त्याने सही केली.

जत्रेच्या दिवशी सकाळी काका कोट घालून खाली आले. "गाडी काढ."

"काका, कशाला? तिथे अपमान करून घ्यायला?"

"काढ म्हणतो ना."

वाटेत, मोटरवेवर, त्यांनी एकदाच वडिलांचं सांगितलं. तुकाराम वाघमारे खानदेशातल्या एका गिरणीत बॉयलर धुवायचं काम करत. धुऊन झाला की सगळी झाकणं घट्ट बसलीत, असं कारकुनाने रजिस्टरात लिहायचं आणि साहेबाने बघून सही करायची. साहेब कधी बघायला आला नाही, आणि सहीच्या जागी तो बापाचा अंगठा घेई. एक दिवस झाकण उडालं, दोन माणसं भाजली. चौकशीत रजिस्टर उघडलं तर खाली अंगठा. "वर काय लिहिलंय ते माझ्या बापाला वाचता येत नव्हतं," काका म्हणाले. "नोकरी गेली, गाव सुटलं. माणसं भाजली ते त्याच्या डोक्यातून मरेपर्यंत गेलं नाही. त्यानं मला लिहायला शिकायला शाळेत घातलं, ते आधी नाव लिहायला." मग खिडकीबाहेर बघू लागले.

आम्ही पोचलो तेव्हा हिरवळीवर दोरी बांधली होती, बँड वाजत होता, लोक खुर्च्या टाकून बसले होते. गाडीत विस्तव धगधगत होता. गेजवर काटा चाळीस पौंडांवर. ऐंशीला गाडी निघणार. डॅरेन दोरीच्या पलीकडे उभा होता. काका आधी त्याच्याकडे गेले.

"सही तुझी?"

"हो."

"मग चल बसायला."

डॅरेन बिचारा हसला. म्हणाला, "तशी पद्धत नाही हो. आमच्या कंपनीचे नियम आहेत."

काका दोरीखालून वाकून गेले, गाडीवर चढले आणि बाकावर बसले. बॉयलरला पाठ लावून. टोपी काढून मांडीवर ठेवली.

गॉर्डन दांड्याशी उभा होता. "डॅमो, उतर."

"तुझ्याकडे कागद आहे ना? चालव."

"तुझी त्यावर सही नाही."

"म्हणून तर बसलोय."

काटा पन्नासवर गेला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोरीपाशी उभी राहून मराठीत ओरडत होते, काका उतरा, उतरा ना. माझा आवाज बँडमध्ये जात नव्हता, आणि गेला असता तरी त्यांना ऐकू आला नसता. साठ. गॉर्डनच्या कपाळावरून घाम गळत होता. त्याचा हात इंजिनात वाफ सोडायच्या दांडीवर होता. काका समोर, चर्चच्या कुंपणाकडे बघत होते. कुकरच्या वेळी बसले होते तसेच. पासष्ट. बावीस वर्षं एका बाजूला आणि ही चार फुटांवरची म्हातारी पाठ दुसऱ्या बाजूला, असं गॉर्डनच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. मी त्या माणसावर चिडले होते, पण त्या क्षणी मला त्याची फार दया आली.

"विस्तव काढा," गॉर्डन अचानक ओरडला. "काढा सगळा!"

निखारे हिरवळीवर ओढले. गवत जळालं. बँड थांबला. खुर्च्या आवरताना लोक कुजबुजत होते, जाणकार मंडळी वह्या मिटून चहाच्या तंबूकडे गेली. गॉर्डन काकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "पाड तुझं भोक. कोरडं निघालं तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

काकांना हे शब्द मात्र ऐकू आले. ओठांवरून कळले असतील.

पुढच्या शनिवारी कोठारात आम्ही पाचजण होतो. डॅरेनही आला होता, कोणी न बोलावता. काकांनी स्वतः भोक पाडलं. बॉयलर पाण्याने भरला. डॅरेनने पंप मारायला घेतला. चाळीस. कोरडं. साठ. कोरडं. काकांनी चष्मा सारखा केला. ऐंशी. कोरडं. जोनने हात तोंडावर धरला. गॉर्डन दारात जाऊन उभा राहिला, बाहेर तोंड करून. मी मनात म्हटलं, संपलं, तीस वर्षांची मैत्री आणि एक नाव, दोन्ही एका भोकात गेली.

"मार," काका डॅरेनला म्हणाले.

शंभरला काही तरी चमकलं. थेंब. तो गळून पडला, दुसरा आला, आणि मग सुताएवढी धार सरळ सुटली. पाणी पायाशी आल्यावर गॉर्डन वळला. त्याने गुडघ्यांवर बसून त्या धारेला बोट लावलं, जणू ते पाणी आहे याची खात्री करायची होती. मग स्वतः उठून ड्रिल काकांच्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत त्या भागातल्या सगळ्या स्टेंना भोकं पडली. एकाशेजारी एक, चार तुटलेले निघाले. डॅरेन पालथ्या बादलीवर बसला होता. "मी सही केली होती," एवढंच तो दोनदा म्हणाला.

येताना मी विचारलं. कानाजवळ जाऊन, मोठ्याने. "काका, जुलैत तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"नाही."

"मग?"

"चांगला स्टे हातोडी परत फेकतो. तुटका फेकत नाही. मनगटाला कळतं."

"तुम्हाला खात्री होती?"

"खात्री असती तर पोलिस बोलावले असते. नव्हती, म्हणून बसलो." मग म्हणाले, "कानाशिवाय केलेली टेस्ट अर्धीच. अर्ध्या टेस्टखाली पूर्ण नाव लिहायचं नाही. या वेळी बरोबर निघालो. पुढच्या वेळी निघेनच, असं नाही."

त्यानंतर त्यांनी कशावरही सही केली नाही. माझ्या नव्या कुकरवरसुद्धा नाही. पण त्या हिवाळ्यात दर शनिवारी डॅरेन शेडमध्ये यायचा. काकांनी जुन्या पत्र्यात बरे आणि तुटके स्टे बसवून ठेवले होते, ते तो डोळे मिटून ठोकायचा. चुकला की काका त्याच्या मनगटावर टिचकी मारत. "तू ऐकतोस," त्याला सांगत. "नुसतं ऐकू नकोस."

पुढच्या उन्हाळ्यानंतर माझी बदली रीडिंगला झाली, आणि काका त्याच थंडीत गेले. सुजाताने त्यांची हातोडी डॅरेनला दिली, गेज मला. ते आज माझ्या टेबलावर आहे, आणि ऑफिसात आता मी टेस्ट केलेल्या कामावर मीच सही करते. त्यासाठी मॅनेजरशी जे भांडण झालं ते सांगत बसत नाही.

डोळ्यांपुढे येतात ते मात्र जत्रेनंतरच्या मे महिन्यातल्या एका रविवारचे काका. चार नवे स्टे घातलेला, बाकी सगळा मूळचा बॉयलर ऐंशीवर उभा होता. डॅरेनने सकाळी सगळा बॉयलर ठोकला होता आणि कागदावर आपलं संपूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मिनिटभर घेऊन लिहिलं होतं. कंपनीचे नियम काय झाले, कोणी विचारलं नाही. तो बाकावर बॉयलरला पाठ लावून बसला होता, तोंड खडूसारखं पांढरं. शेजारी गॉर्डन. काका काळा कोट घालून वीस पावलं पुढे उभे, हातात लाल निशाण.

गॉर्डनने दांडी ओढली. गाडी फुसफुसली, खडखडली आणि निघाली. लोक ओरडले, कुत्री भुंकली, शिट्टी अशी वाजली की माझ्याजवळची एक बाई कान झाकून खाली बसली. काकांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. मागे गाडी आहे की नाही, जवळ आली की लांब, उडाली की चालतेय, त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. मी दोरीच्या कडेने त्यांच्या बरोबरीने चालत होते आणि वाट पाहत होते, आता बघतील, आता बघतील. त्यांनी निशाण खांद्यावर टेकवलं आणि हिरवळीच्या टोकापर्यंत चालत गेले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.